कॅथ लॅबच्या आतल्या माणसांचा हिशोब

गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या गावांत आणि आता मोठ्या तालुक्यांतही कॅथ लॅब आल्या. उद्घाटनाच्या बातम्या मीही केल्यात. त्यांचा साचा ठरलेला असतो. फीत कोणी कापली, मशीन किती कोटींचं, आणि शेवटी "आता रुग्णांना पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही." हे शेवटचं वाक्य खरंच मोलाचं आहे. छातीत कळ आलेल्या माणसाला रात्री अडीच वाजता अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून दोन-अडीचशे किलोमीटर न्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना मी काय सांगणार. त्यामुळे कॅथ लॅब हवी की नको, हा या पोस्टचा विषयच नाही. हवीच.

विषय आहे त्या खोलीत पेशंटच्या शेजारी उभ्या राहणाऱ्यांचा. डॉक्टर, हाताखालची सिस्टर, टेक्निशियन. पेशंट तिथे आयुष्यात एकदा, फार तर दोन-तीनदा जातो. ही माणसं रोज जातात. डॉक्टरांचा पाय पेडलवर आहे तोवर त्या खोलीत क्ष-किरण असतात, कारण तार हृदयाच्या कुठल्या नळीत शिरली हे दिसायचं तर ते किरणांशिवाय दिसत नाही. साधा छातीचा एक्स-रे काढताना टेक्निशियन भिंतीमागे जातो, बटण दाबतो, संपलं. अँजिओप्लास्टीत भिंतीमागे जाता येत नाही. हात पेशंटवर ठेवूनच काम करावं लागतं.

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे.

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावी विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण सापडले. बायकोच्या हाताचा त्यांनी काढलेला फोटो, बोटातल्या अंगठीसकट, आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलाय. जगभर धुमाकूळ उडाला. वर्षाच्या आत अमेरिकेत एडिसन यांनी फ्लुरोस्कोप बनवला, म्हणजे फोटोची वाट न बघता शरीराच्या आतलं तिथल्या तिथे बघायचं यंत्र. आजच्या कॅथ लॅबचा हा खापरपणजोबा. त्यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा काच फुंकणारा कारागीर होता. नळी नीट चालतेय का हे बघायला तो स्वतःचा हात किरणांसमोर धरायचा. आधी कातडी भाजली, मग जखमा भरेनात, मग कॅन्सर. दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये तो गेला, वय चाळीसच्या आत. एडिसनसारख्या माणसाने त्यानंतर एक्स-रेच्या कामाचा नाद सोडून दिला.

डॅली एकटा नव्हता. फिलाडेल्फियात मिहरान कसाबियान नावाचे डॉक्टर होते, हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागाचे प्रमुख. किरणांनी स्वतःचे हात कसे सडत चाललेत, याचे फोटो ते काढून ठेवत होते, पुढच्यांना कळावं म्हणून. १९१० मध्ये ते गेले. अशा माणसांची यादी इतकी वाढली की १९३६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात त्यांचं स्मारक उभारलं गेलं. सुरुवातीला त्यावर १५ देशांतली १५९ नावं होती. पुढे आणखी वाढत गेली. डॉक्टर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, नर्स आहेत, तंत्रज्ञ आहेत.

तोवर शिशाचा एप्रन आला, शिशाचे हातमोजे आले, मर्यादा ठरू लागल्या. एक्स-रे काढणारा भिंतीमागे गेला. प्रश्न सुटल्यासारखा वाटला. मग हृदयवाले डॉक्टर आले आणि माणूस परत भिंतीच्या पुढे आला.

ही सुरुवात एखाद्या सिनेमात शोभेल अशी आहे. १९२९, बर्लिनजवळचं एबर्सवाल्ड नावाचं लहान गाव. वेर्नर फोर्समान हा पंचविशीतला शिकाऊ सर्जन. हाताच्या शिरेतून नळी घालून थेट हृदयापर्यंत जाता येईल, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. वरिष्ठांनी मनाई केली. निर्जंतुक उपकरणांच्या कपाटाची किल्ली होती गेर्डा डिट्झेन या नर्सकडे. त्याने तिला पटवलं. पटवलं म्हणजे, प्रयोग माझ्यावरच कर, असं ती म्हणाली. त्याने तिला टेबलाला बांधलं आणि तिची नजर चुकवून सुई स्वतःच्या दंडात घातली. ६५ सेंटीमीटर नळी आत सरकवली आणि ती तशीच हातात लोंबकळत असताना जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला. समोर आरसा धरायला लावून फ्लुरोस्कोपच्या पडद्यावर स्वतःच्या हृदयात पोचलेलं टोक बघितलं, फोटो काढून घेतला. शाबासकी राहिली बाजूला, टिंगल झाली. शेवटी तो मूत्रविकारांचा डॉक्टर झाला. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं. किल्ली देणाऱ्या नर्सबद्दल आणि आरसा धरणाऱ्या हातांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपल्या आजच्या विषयात हेच परत परत घडतं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

पुढचं पाऊल अपघाताने पडलं. ३० ऑक्टोबर १९५८, अमेरिकेतलं क्लीव्हलँड क्लिनिक, डॉ. मेसन सोन्स. तेव्हा समज असा की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळीत थेट रंगद्रव्य गेलं तर हृदय बंद पडेल. म्हणून ते महाधमनीत सोडायचे. त्या दिवशी नळीचं टोक घसरून उजव्या करोनरीत गेलं आणि सगळं द्रव्य तिथेच सुटलं. सोन्स टेबलाखालच्या खड्ड्यात उभे राहून वरची प्रतिमा बघत होते. हृदय थांबलं म्हणून ते खड्ड्यातून वर धावले, छाती उघडायच्या तयारीने. पेशंटला खोकायला सांगितलं, तो खोकला आणि हृदय परत सुरू झालं. अँजिओग्राफी जन्मली ती अशी. तो खड्डा मात्र लक्षात ठेवा. किरण सोडणाऱ्या यंत्राच्या इतक्या जवळ डॉक्टर तासन् तास असायचा.

१६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी ३८ वर्षांच्या माणसाच्या करोनरीत फुगा फुगवून अडथळा मोकळा केला. ही पहिली अँजिओप्लास्टी. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट बसले. त्याच सुमारास भारतातही फुग्याचं काम सुरू झालं. चेन्नईचे डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कळरिक्कल यांना इथल्या अँजिओप्लास्टीचे जनक म्हणतात. मग आकडा वाढतच गेला. आपल्याकडे २०१२ पासून जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आणि पुढल्या वर्षी राज्यभर आली, पुढे तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला टोपी घातली. औषध लावलेला स्टेंट, जो लाखाच्या वर विकला जायचा, तो २९,६०० वर आला. पेशंटसाठी उत्तम झालं, यात वादच नाही. पण त्याच टेबलाशेजारी तीच सिस्टर आणि तोच टेक्निशियन दिवसाला दोन केसच्या जागी सहा केसना उभे राहू लागले, हे बातमीत आलं नाही.

आता थोडं विज्ञान, अगदी थोडं. किरण सोडणारी नळी टेबलाच्या खाली असते. किरण पेशंटच्या शरीरावर आदळतात आणि त्यातले काही चहूकडे उधळतात. डॉक्टर-सिस्टरला लागतात ते हे उधळलेले किरण. अंतर दुप्पट केलं तर मात्रा साधारण चौथाईवर येते. म्हणजे एक पाऊल मागे सरकणंसुद्धा औषध आहे. पण डॉक्टर मागे कुठे सरकणार? तो पेशंटच्या उजव्या बाजूला उभा असतो, त्यामुळे त्याची डावी बाजू नळीच्या जास्त जवळ. सगळ्यात जास्त मारा टेबलाखाली, पायांवर. एप्रन गुडघ्यापर्यंत असल्याने जुन्या हृदयरोगतज्ज्ञांच्या नडगीवरचे केस गेलेले आढळायचे, आणि ते स्वतःच हसत हसत दाखवायचे.

नडगीचे केस गेले तर गेले. डोळ्यांचं तसं नाही. डोळ्याचं भिंग किरणांना फार नाजूक असतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००८ पासून हृदयरोगतज्ज्ञांचे आणि त्यांच्या स्टाफचे डोळे तपासायला घेतले. या कामात पुढे होते मदन रेहानी, दिल्लीच्या एम्समधून तिथे गेलेले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ. कोलंबियातल्या बोगोटात ५८ पैकी २२ हृदयरोगतज्ज्ञांच्या भिंगाच्या मागच्या भागात धूसर डाग सापडले, म्हणजे ३८ टक्के. किरणांशी संबंध नसलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. मलेशियात क्वालालंपूरला तर ५६ पैकी २९ डॉक्टर, म्हणजे ५२ टक्के, आणि ११ पैकी ५ नर्स. बाकीच्यांत ९ टक्के. डाग सापडला म्हणजे लगेच मोतीबिंदूचं ऑपरेशन असं नव्हे, बहुतेकांना दिसायला काही त्रास नव्हता. पण ज्याचा धंदाच अर्ध्या मिलिमीटरची तार पडद्यावर बघून हलवायचा आहे, त्याच्या भिंगावर डाग ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

एप्रिल २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने डोळ्यांसाठीची शिफारस बदलली. आधी वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट चालत होते, ते पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० वर आणले. म्हणजे काल सुरक्षित म्हणून सांगितलेला आकडा आज सातपटीहून जास्त ठरला. ज्यांनी आधीची वीस वर्षं जुन्या आकड्यावर विश्वास ठेवून काम केलं, त्यांचं काय? या प्रश्नाला उत्तर नसतं.

मेंदूचं प्रकरण जास्त वादग्रस्त आहे, म्हणून तोलून लिहितो. इस्रायलमधले हृदयरोगतज्ज्ञ एरियल रोगिन यांनी मेंदूची गाठ झालेल्या, अशीच कामं करणाऱ्या ३१ डॉक्टरांची माहिती गोळा करून २०१३ मध्ये छापली. २६ जणांची गाठ कुठल्या बाजूला होती हे कळलं, त्यातल्या २२ जणांची डावीकडे. वर सांगितलं तसं, डावी बाजूच नळीकडे असते. अंगावर काटा येतो, पण हा पुरावा नव्हे. एकूण किती डॉक्टरांपैकी ३१, हे त्यातून कळत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत असं काम करणाऱ्या सुमारे ४५ हजार डॉक्टरांच्या मृत्यूंची तुलना मानसोपचारतज्ज्ञांशी केली गेली. कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. एक अपवाद होता. १९४० च्या आधी पदवी घेतलेल्या पुरुष डॉक्टरांत रक्ताच्या कॅन्सरने झालेले मृत्यू जास्त होते. माझं वाचन असं की ज्या पिढीला संरक्षण मिळालं ती तगली, ज्यांना मिळालं नाही त्यांनी मोजलं.

आणि हे झालं डॉक्टरांचं. त्याच देशात टेक्निशियन मंडळींचा अभ्यास २०१६ मध्ये आला. अशा प्रक्रियांत काम केलेल्यांत मेंदूच्या कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण इतर टेक्निशियनांच्या तुलनेत सुमारे अडीचपट दिसलं. मृत्यूंची संख्या लहान होती, योगायोग असू शकतो, असं अभ्यासकांनीच बजावलंय. तरी चर्चा कोणाची झाली बघा. डॉक्टरांच्या ३१ केसेस जगभर गाजल्या, टेक्निशियनांचा अभ्यास ऐकलेला माणूस शोधून सापडत नाही.

संरक्षणाचंही ओझं असतं, अगदी शब्दशः. शिशाचा एप्रन पाच-सात किलोचा. दिवसभर तो अंगावर घालून वाकून उभं राहायचं. अमेरिकेतल्या एका पाहणीत जवळपास निम्म्या हृदयरोगतज्ज्ञांनी पाठ, मान, गुडघा, काहीतरी दुखावल्याचं सांगितलं. आणखी एक गंमत बघा, गंमत कसली म्हणा. पूर्वी नळी मांडीतून घालायचे, आता बहुतेक ठिकाणी मनगटातून. रक्तस्राव कमी, पेशंट लवकर उठून बसतो. पण मोजमाप केल्यावर कळलं की मनगटाच्या मार्गाने डॉक्टरला लागणारे किरण वाढतात, एका मोठ्या युरोपीय अभ्यासात तर छातीवरची मात्रा जवळजवळ दुप्पट भरली. पेशंटचा फायदा आणि डॉक्टरचा तोटा एकाच सुईतून आत गेला. डिसेंबर २०१८ मध्ये अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून ३२ किलोमीटरवरच्या पेशंटची अँजिओप्लास्टी रोबोटने केली. मोठी बातमी झाली. पण आपल्या जिल्ह्यात रोबोट येईतो माणसंच उभी राहणार आहेत, आणि पेशंटजवळ सिस्टर तर तिथेही लागतेच.

आता आपल्या घरचं बघू. किरणांची मात्रा मोजायचा जो बॅज आपल्याकडे वापरतात, तो आपल्या ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलाय. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरण लागले की त्या ते साठवतात, आणि प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढा उजेड देतात. उजेड मोजला की मात्रा कळते. दर तीन महिन्यांनी बॅज जातो, नवा येतो. कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. लक्ष ठेवायला मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, १९८३ पासून. कॅथ लॅबला त्यांचा परवाना लागतो, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. कागदावर सगळं चोख.

कागदाबाहेरचं २०१२ मध्ये कॅगने सांगितलं. देशात चालू असलेल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी ५२,१७३ मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती. ९१ टक्के. ही सगळ्या एक्स-रेची गोष्ट, एकट्या कॅथ लॅबची नाही, आणि नंतर ऑनलाइन नोंदणी आल्यावर चित्र सुधारलंय. पण प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय काढा असं सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सांगितलं होतं, आणि अकरा वर्षांनी कॅगला ते केरळ आणि मिझोराम सोडून कुठेच सापडलं नाही. महाराष्ट्रातही नाही.

मागे एका खासगी हॉस्पिटलच्या कॅथ लॅबमध्ये जायचा योग आला. नाव घेत नाही. एप्रन खुर्चीवर घडी करून टाकलेले. शिशाचा एप्रन घडी केला की आतून तडकतो, म्हणून तो टांगायचा असतो आणि अधूनमधून किरणांखाली धरून चीर पडली का बघायचं असतं. बॅज मात्र टांगलेले होते, सगळे एका खुंटीला, बाहेरच्या खोलीत. आत केस चालू होती. टेक्निशियन पोरगा तिशीच्या आतला. विचारलं तर म्हणाला, "सर, बॅज घातला आणि रीडिंग जास्त आलं तर पत्र येतं. मग चौकशी, मग काम बंद. घरी काय सांगू?"

त्या खुंटीचा अर्थ समजून घ्या. बॅजच्या प्रत्येक संचाबरोबर एक जादा बॅज येतो, त्याला कंट्रोल बॅज म्हणतात. तो किरणांपासून लांब ठेवायचा असतो. निसर्गात जे थोडे किरण असतातच ते त्यात मोजले जातात आणि बाकीच्यांच्या रीडिंगमधून वजा होतात. आता माणसांचे बॅज दिवसभर कंट्रोल बॅजच्याच खुंटीला लटकत असतील तर वजाबाकीचं उत्तर काय येणार? शून्य. तीन महिन्यांनी छापील रिपोर्ट येतो, अधिकारी सही करतो, फाईल चोख. एखाद्या दिवशी त्या पोराच्या डोळ्याला काही झालं आणि तो भरपाई मागायला गेला, तर त्याच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्याच नावाचे ते शून्याचे रिपोर्ट असतील.

हे एका हॉस्पिटलचं किंवा आपल्याच देशाचं दुखणं नाही. डोळ्यांचे ते अभ्यास करणाऱ्यांनाही हाच त्रास झाला. डॉक्टर बॅज नियमित घालत नव्हते, त्यामुळे किती मात्रा लागली हे त्यांच्या आठवणीवरून आणि केसच्या संख्येवरून काढावं लागलं. शिवाय आपल्याकडे सहसा एकच बॅज, तोही एप्रनच्या आत छातीवर. डोळे, हात, पाय एप्रनच्या बाहेर. आंतरराष्ट्रीय शिफारस दोन बॅजची आहे, एक आत आणि एक बाहेर कॉलरवर.

उपाय महागडे नाहीत, चिडायला होतं ते त्यामुळेच. छतावरून लटकणारी शिशाच्या काचेची ढाल बहुतेक मशीनबरोबर असते, फक्त ओढून घ्यावी लागते. टेबलाला खाली शिशाचा पडदा लावायचा. शिशाचा चष्मा. गळपट्टा. सेकंदाला १५ चित्रांऐवजी साडेसात चित्रांवर काम भागतंय का बघायचं. पेडलवरून पाय वेळेवर काढायचा. आणि सिस्टरला औषध द्यायला पुढे यायचं असेल तर तेवढा वेळ किरण थांबवायचे. या शेवटच्याला एक पैसा लागत नाही.

येत्या काळात आपल्या भागात आणखी कॅथ लॅब होतील, काही सरकारी, काही योजनेच्या पैशावर चालणाऱ्या खासगी. मी माहिती अधिकारात विचारायचे प्रश्न काढून ठेवलेत. जिल्ह्यातल्या किती कॅथ लॅबना परवाना आहे, सुरक्षा अधिकारी पूर्णवेळ तिथलाच आहे की चार ठिकाणी एकाचंच नाव आहे, किती जणांना बॅज दिलेत, कंत्राटी कर्मचाऱ्यांना दिलेत का, आणि त्यांच्या डोळ्यांची तपासणी शेवटची कधी झाली. सरकारी यंत्रणांकडून उत्तरं आली की इथेच टाकीन. खासगीवाल्यांना प्रत्यक्ष भेटून विचारणार आहे.

तोवर, तुमच्यापैकी कोणी कॅथ लॅबमध्ये सिस्टर, टेक्निशियन, वॉर्डबॉय म्हणून काम करत असेल किंवा केलं असेल, तर इनबॉक्समध्ये दोन ओळी लिहा. नाव, गाव, हॉस्पिटल काहीही छापणार नाही. बॅज मिळाला होता का, आणि केस चालू असताना तो अंगावर होता की खुंटीवर, एवढंच सांगा.